वेलीला लागणारे बटाटे

लग्न होऊन मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या एका गावात आले, तेव्हा घरात माणसं तीनच होती. मी, माझा नवरा आणि सासूबाई. सासरे आधीच गेलेले. नवरा रांजणगावच्या कंपनीत शिफ्टवर जायचा. कंपनीची बस फाट्यावरून सुटायची आणि दर आठवड्याला त्याची झोपायची वेळ बदलायची. त्यामुळे दिवसभर सासूबाई आणि मी, दोघीच एकमेकींच्या वाट्याला आलेल्या. त्यांना मी आत्या म्हणायचे.

आत्या मोजकंच बोलायच्या. रागीट नव्हत्या, पण कामाशिवाय त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. मला आधी वाटलं, आपण त्यांना पसंत नसू. मग हळूहळू लक्षात आलं की भाजी निवडायला बसल्या की त्या जरा सैल होतात. हाताला काम असलं की जीभ मोकळी सुटायची. असंच एकदा ओसरीवर बसून आम्ही बटाटे सोलत होतो. हातातला बटाटा त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "कोकणात बटाटं येलीला लागत्यात. वर, हवंत."

बटाटा जमिनीत होतो एवढं मला माहीत होतं, आणि आत्यांनाही ते माहीत होतं. आमच्याच वावरात त्यांनी बटाटा काढला होता. पण त्या थट्टा करत नव्हत्या. सोलता सोलता त्यांनी मला सगळं सांगितलं.

आत्यांचं माहेर दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला. मूळचं मेंढपाळाचं घर. दिवाळी झाली की त्यांचे वडील आणि आजोबा मेंढरं घेऊन घाट उतरायचे, कोकणात राहायचे आणि पावसाच्या आधी परत यायचे. आत्या लहान असताना एकाच वर्षी त्यांच्याबरोबर गेल्या, आईच्या बोटाला धरून. त्या मुक्कामात एका संध्याकाळी आई कुंपणावरच्या वेलीवरून तपकिरी, गोलसर काहीतरी तोडून ओच्यात घेऊन आली. निखाऱ्यात भाजलं, साल काढली आणि मिठाला लावून लेकीच्या हातावर ठेवलं. आतून पिवळसर होतं, आणि चव बटाट्याचीच, पण मागून जराशी कडसर.

परत आल्यावर काही महिन्यांत आत्यांच्या धाकट्या भावाचा जन्म झाला आणि तो रांगायला लागायच्या आधीच आई गेली. वडिलांनी मेंढरं विकली. कालव्याचं पाणी आलं होतं, ते शेतीला लागले. कोकणची वाट बंद झाली ती कायमची. त्या खेपेला बरोबर असलेलं माणूस आता कुणीच उरलं नव्हतं.

नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतोय. मामा तर दर भाऊबीजेला आईला चिडवतात, आक्का, औंदा तरी येलीचं बटाटं खाऊ घाल म्हणून. मामा म्हणजे तोच धाकटा भाऊ. आता त्यांचेही केस पांढरे झाले होते. स्वभावाने मोकळा माणूस, बहिणीवर जीव, पण या एका बाबतीत ते तिला सोडायचे नाहीत. आत्याही मग हसून विषय बदलायच्या. ते हसणं मी नंतरच्या भाऊबीजेला नीट बघितलं आणि मला ते आवडलं नाही. त्या हसत होत्या, पण ताट पुसायचा फडका हातात घट्ट पिळत होत्या.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ एक एसटीडी बूथ होता. लग्न झाल्यापासून मी तिथूनच दौंडला आईला फोन करायचे. बूथ चालवणाऱ्या काकू विधवा होत्या. घरोघरी फोन यायला लागले तसा त्यांचा धंदा बसत चालला होता. तेव्हा त्यांनी काचेच्या केबिनी काढून टाकल्या आणि तिथे दोन कॉम्प्युटर मांडून बाहेर सायबर कॅफे म्हणून पाटी लावली. त्यांना स्वतःला कॉम्प्युटरचं फारसं कळत नव्हतं. मी दौंडला टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तेवढं मला येत होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी पिशव्या भरून झाल्या की मी जीप सुटायच्या आधी त्यांच्याकडे टेकायचे. काकू चहा मागवायच्या आणि म्हणायच्या, बस गं, मशीन मोकळंच आहे.

पहिल्या पहिल्यांदा मी काय बघत असेन, तर पाककृती. इंटरनेटवर कुणीतरी परक्या बाईने परक्या गावातून आपल्या स्वयंपाकघराची गोष्ट लिहावी आणि ती मी शिरूरच्या स्टँडवर बसून वाचावी, याचंच मला अप्रूप होतं. मग बागकामाची पानं सापडली. आमच्या परसातल्या भोपळ्याला फुलं यायची आणि गळून जायची. एका पानावर वाचलं की नर फूल तोडून ते मादी फुलाला सकाळी लवकर टेकवायचं. घरी येऊन तसं केलं आणि भोपळे धरले. आत्यांनी ते दुरून पाहिलं होतं. पहिला भोपळा चिरताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुज्या त्या मशिनीत समदीच झाडं हायती का?"

त्या काय विचारत होत्या ते मला कळलं. पुढच्या बाजाराला मी काकूंच्या मशीनपुढे बसले ते तोच शोध घ्यायला.

आज हे सांगताना सोपं वाटतं. तेव्हा मराठीत काही टाइप होत नव्हतं. माझं इंग्रजी दहावी-बारावीचं. वेलीवरचा बटाटा, झाडावरचा बटाटा, कोकणातला बटाटा, असं जमेल त्या शब्दांत लिहून बघितलं. रताळ्याची पानं निघाली, बटाट्याच्या रोगांची निघाली, बटाटावड्याचीही निघाली. लाइन मध्येच तुटायची. तुटली की काकू आत जाऊन फोनची वायर हलवून यायच्या. असे कितीतरी बाजार गेले. काकूंना मी एव्हाना सगळी हकीकत सांगितली होती. त्याही आता मी दारातून आत यायच्या आधीच विचारायच्या, आज कुठल्या नावाने शोधायचं?

सापडलं ते अगदी भलत्याच जागी. अमेरिकेतल्या बागवाल्यांचा एक चर्चेचा फलक होता. तिथे एका माणसाने वैतागून लिहिलं होतं की माझ्या अंगणातल्या सगळ्या झाडांवर एक वेल चढलीय, तिला हवेत बटाटे लटकतात, ते खाली पडले की प्रत्येकातून नवी वेल निघते. ही मारायची कशी? खाली त्याने फोटो जोडला होता. तेव्हा फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उमटायचा. आधी आभाळ आलं, मग झाडाचा शेंडा, मग बदामाच्या आकाराची मोठी हिरवी पानं. मग त्या पानांच्या बगलेत, देठाला चिकटून, तपकिरी खडबडीत बटाटे. काकू माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, तुझ्या सासूबाई खरंच सांगत होत्या."

काकूंनी त्याची प्रिंट काढून दिली. काळीपांढरीच, पण चांगली उमटली होती. जीपमध्ये मी ती घडी पडू नये म्हणून छातीशी धरून बसले. घरी आले तर आत्या शेळीला पाला टाकत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी हात लुगड्याला पुसले, कागद घेतला आणि उजेडाला धरला. मला वाटलं त्या बटाटे बघतील. त्यांनी आधी पानावर बोट ठेवलं.

"पान बी हेच," त्या म्हणाल्या. "विड्याच्या पानावानी. आई त्याच्यातच मीठ बांधून ठिवायची."

पानाबद्दल याआधी त्या कधी बोलल्या नव्हत्या. फोटो बघूनच ते वर आलं असणार. त्या ओट्यावर बसल्या. कागद मांडीवर पसरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मलाच वाटाया लागलं व्हतं, सपान पडलं आसंल. समदी न्हाई म्हणायला लागली की आपल्याला बी वाटतं, नसंलच तसं. मग म्या म्हणायची, बटाटं न्हवतं, तर आई तरी व्हती का?"

मी त्यांच्याजवळ बसले. शेळी ओरडायला लागली तेव्हा त्या उठल्या.

फोटो मिळाला, पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. मला ती वेल घरी आणायची होती. आणि इथे मला जरा भीती वाटली, कारण वाचता वाचता कळलं की या वेलीचे काही प्रकार विषारी असतात, काही इतके कडू की तोंडात धरवत नाहीत. अमेरिकेतली माणसं तर ती खातच नव्हती, नुसती उपटत होती. म्हणजे खाणारं, ओळखणारं कुणीतरी शोधायला हवं होतं. त्याच फलकावर मी तसं विचारलं, तेव्हा एका भल्या माणसाने मला सांगितलं की भारतातल्या झाडांची हौस असणाऱ्या लोकांचा एक गट आहे, सगळा कारभार ई-मेलवर चालतो, तिथे विचारा. त्याने पत्ताही दिला. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आत्यांची सगळी गोष्ट लिहिली आणि पाठवून दिली. पाठवल्यावर लाज वाटली. मोठमोठे शिकलेले लोक असतील, एका म्हातारीच्या लहानपणच्या खाऊसाठी त्यांना कशाला त्रास.

पुढच्या बाजाराला गेले तर उत्तरांची रांग लागलेली. एकाने झाडाचं शास्त्रीय नाव लिहिलं होतं. नेपाळमधून परदेशी गेलेल्या एका बाईने लिहिलं होतं की आमच्याकडे माघात हे खातात, चुलीतली राख घालून उकडलं की कडूपणा उतरतो, तुमचं पत्र वाचून मला माझ्या आजीचं घर आठवलं. एका गृहस्थाने दम भरला होता की कुठलीही वेल उचलून दुसऱ्या मुलखात लावणं बरं नाही, आधी विचार करा. आणि सगळ्यांत खाली एक उत्तर मराठीत होतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. मला अक्षर अक्षर जुळवून वाचावं लागलं.

त्या रायगड जिल्ह्यातल्या, समुद्राजवळच्या एका गावच्या बाई होत्या. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी लिहिलं होतं, हे करांदे. आमच्या कुंपणावर आहेत, दिवाळीनंतर बाजारातही येतात. आमचे गोड जातीचे आहेत, मी जन्मभर खात आले. रानातले अनोळखी करांदे कधी तोंडात घालू नका, पण हे पाठवते. पत्ता कळवा. त्या दम भरणाऱ्या गृहस्थांनाही त्यांनी शांतपणे उत्तर दिलं होतं की ही वेल आपल्याच सह्याद्रीतली आहे, आणि शिरूरचं ऊन तिला फार माजू द्यायचं नाही, तरी खाली पडलेले वेचून घ्यायला मी त्यांना सांगेन. गृहस्थांनी ते मान्य केलं आणि उलट मलाच शुभेच्छा पाठवल्या.

करांदे. हे नाव मी घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्यांनी ते दोन-तीनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. नाव त्यांना आठवत नव्हतं, कदाचित त्यांना कधी माहीतच नव्हतं.

पार्सल थंडीत आलं. भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेले करांदे, मुठीएवढे काही, काही लिंबाएवढे. सोबत एका चिठोऱ्यावर लावायची रीत. मी चूल पेटवायला निघाले, कारण मला वाटलं आत्या आज ते भाजून खातील. इतक्या वर्षांनी. त्यांनी एक हातात घेतला, नाकाशी नेला, अंगठ्याने त्याचं खडबडीत साल चोळलं. आणि परत पेंढ्यात ठेवला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आदी लावू. टोपलीत ठिवलेला बटाटा कुनी बी बटाटाच म्हणंल. मला येलीला लागल्याला दावायचाय."

कोणाला दाखवायचाय ते मला कळलं.

चिठोऱ्यात लिहिलं होतं की आता ते झोपेत आहेत, उन्हाळा सरेपर्यंत कोरड्या जागी ठेवा, पाणी दाखवू नका. आत्यांनी ते बाजरीच्या कणगीत ठेवले. मधूनमधून हात घालून चाचपून बघायच्या. वैशाखात एकाला जांभळट कोंब फुटलेला दिसला तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवला. शेवग्याच्या झाडाखाली, जिथे दुपारी सावली येते, तिथे आम्ही आळी केली. शेणखत आत्यांनी चाळून घातलं. नवऱ्याने कंपनीत भंगारात निघालेल्या लाकडी पॅलेटच्या पट्ट्या आणून शेवग्याला टेकवून शिडीसारखा आधार उभा केला. तो आधी हसणाऱ्यांतला होता, पण फोटो बघितल्यापासून त्याचं हसणं थांबलं होतं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो सकाळी उठून आधी वेल बघून यायचा.

वेल वाढवायची माहिती मला सर्वांत जास्त कुठे मिळाली असेल, तर ती मारायला निघालेल्या अमेरिकनांच्या पानांवर. तिला काय आवडतं, ती कशाने जोमात येते, कुठल्या दिशेने गुंडाळत चढते, कुठल्या महिन्यात कंद धरते, सगळं त्यांनी बारकाईने लिहून ठेवलं होतं. ते लिहीत की अमुक केलंत तर ती फोफावेल, सावध राहा. मी नेमकं तेच करायचे. ऊन कडक झालं की आळ्यात पालापाचोळा अंथरायचा, ओल टिकवायची, शेंडा खाली लोंबू द्यायचा नाही. तिकडे कुणीतरी हातमोजे घालून जी वेल ओढून काढत होतं, तिला इकडे आत्या संध्याकाळी बादलीतून तांब्याने पाणी घालत होत्या. त्या लोकांचे मी मनातल्या मनात किती आभार मानले.

श्रावणात वेल शेवग्याच्या वर गेली. पानं तळहाताएवढी झाली. शेजारपाजारच्या बायका विचारायला लागल्या, ही कसली पानवेल लावलीय. आत्या म्हणायच्या, लावलीय अशीच. भाद्रपदात पानाच्या बगलेत पहिली गाठ दिसली, हरभऱ्याएवढी. मग दुसऱ्या पानात, मग तिसऱ्या. दसऱ्यापर्यंत त्या सुपारीएवढ्या झाल्या आणि दिवाळीपर्यंत बटाट्याएवढ्या. पानं पिवळी पडायला लागली तसे ते लांबूनही दिसायला लागले. आत्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. एक वाऱ्याने खाली पडला, तो त्यांनी कणगीत टाकला, खाल्ला नाही.

भाऊबीजेला मामा आले. केडगावहून एसटीने शिरूर आणि तिथून जीपने. दरवर्षीसारखे पिशवीत पेढे, बहिणीला साडी. ओवाळणं झालं, जेवणं झाली. जेवताना मामांनी नेहमीचं चिडवणं चिडवलं. आत्यांनी या वेळी विषय बदलला नाही. त्या म्हणाल्या, "हात धू आन् माज्या संगं परसात चल."

मी आणि नवरा मागे मागे गेलो. मामा शेवग्याखाली उभे राहिले. वर बघितलं. त्यांना आधी कळलंच नाही की काय बघायचंय. मग दिसलं. त्यांनी हात वर करून एक करांदा बोटांनी धरला, तोडला नाही, नुसता धरून ठेवला. वेल कुठून येते ते खालपर्यंत नजरेने बघितलं आणि परत वर. आपल्याला कुणी फसवत तर नाही ना, असं बघतात तसं. टोपी काढून हातात घेतली. आत्या बाजूला उभ्या होत्या. बघ म्हणाल्या नाहीत, सांगत नव्हते का म्हणाल्या नाहीत.

मग मामांनी विचारलं, "आक्का, आई कशी व्हती गं?"

पुढे आत्यांनी मला सांगितलं की अख्ख्या जन्मात मामांनी हे पहिल्यांदा विचारलं. वडिलांच्या देखत आईचं नाव काढायची सोय नव्हती, आणि मोठं झाल्यावर विचारायची वेळ निघून गेली असं दोघांनाही वाटत राहिलं. मामांना आईचा चेहरा माहीत नव्हता. फोटो नव्हताच. ज्या बहिणीला सगळं आठवत होतं, तिच्या आठवणीची ते थट्टा करत आले. का, ते त्यांनाच ठाऊक.

आत्यांनी करांदे तोडले. मी परसातच तीन दगडांची चूल मांडली. निखारे पडल्यावर त्यांनी ते आत सारले आणि काठीने परतत राहिल्या. भाजेपर्यंत त्या बोलत होत्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आई उंच होती. चालताना मेंढरांच्या पुढे जायची आणि मागे वळून शीळ घालायची, बायका शीळ घालत नसत तरी. कोकणात पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा ती घाबरली आणि लेकीचा दंड धरून ठेवला. परतीच्या वाटेवर घाटात लेकीचे पाय सुजले तर तिला खांद्यावर घेतलं, पोटात पोर असताना. ते पोर म्हणजे मामा. म्हणजे ते पण त्या खेपेला होते, आत्या म्हणाल्या. मामांनी मान हलवली आणि टोपीने तोंड पुसलं.

करांदे सोलले. आतून पिवळसर होते. मीठ लावून आत्यांनी पहिला तुकडा भावाला दिला, मग स्वतः घेतला. मीही खाल्ला. चव बटाट्याच्या जवळची, पण घट्ट, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे कडूसर काहीतरी राहतं. आत्या चावत थांबल्या, डोळे मिटले आणि परत चावायला लागल्या.

"ह्योच," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या बाजाराला मी गटाला सगळं लिहून कळवलं. नवऱ्याच्या मित्राच्या कॅमेऱ्यात काढलेला फोटो शिरूरच्या स्टुडिओत स्कॅन करून जोडला. त्यात वेलीखाली आत्या आणि मामा उभे आहेत, दोघांच्या हातात करांदे. किती उत्तरं आली सांगू. नेपाळच्या बाईने लिहिलं की मी फोटो माझ्या आईला दाखवला. ज्याने पहिल्यांदा वेल मारायची कशी विचारलं होतं, त्याला कुणीतरी माझी गोष्ट पोचवली होती. त्याचंही पत्र आलं. आपली वेल तो काढणारच होता, पण आता ती काढताना शिव्या देणार नाही, असं त्याने लिहिलं होतं. काकूंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

रायगडच्या बाईंना आत्यांशी बोलायचं होतं. काकूंच्या बूथवर एक फोन अजून चालू होता. वेळ ठरवून मी आत्यांना शिरूरला घेऊन गेले. मला वाटलं होतं त्या फोनवर लाजतील. पण त्या दोघी अशा बोलायला लागल्या की जणू एकाच गल्लीत राहिल्या होत्या. तुमच्यात उकडताना काय घालतात, राख घालतात का, मासळीबरोबर खातात का, पुढच्या वर्षी ठेवायचे कसे. शेवटी आत्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "बाई, तुमी माजी आई मला परत दिली. म्या तुमाला काय देऊ?" तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आत्यांनी नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या, आता तुमच्याकडे कुणी मागायला आलं तर त्याला द्या.

आत्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या थंडीत आम्ही पेंढ्याऐवजी बाजरीच्या सरमाडात करांदे गुंडाळून गटातल्या मागणाऱ्यांना पाठवले. मामांनी केडगावला आपल्या विहिरीच्या कडेला वेल लावली. आणि मी बाजारच्या दिवशी इतरांचे प्रश्न वाचायला लागले. माहीत असलं तर उत्तर द्यायचे, नसलं तर आत्यांना विचारून पुढच्या वेळी लिहायचे. आम्हाला अनोळखी माणसांनी जे दिलं होतं, त्याची परतफेड त्यांनाच करायची सोय नव्हती. ती अशीच दुसऱ्या कुणाला तरी करायची असते हे मला तेव्हा उमगलं, आणि त्याबद्दल मी त्या लोकांची आजही ऋणी आहे. त्यांतल्या एकालाही मी समोरासमोर भेटलेली नाही.

एकदा बंगळूरहून एका मुलीचा प्रश्न आला. नवीन लग्न झालेलं, माहेर आमच्याच बाजूचं. आई नाही, आणि शेंगोळी खायची इच्छा झालीय, हुलग्याचं पीठ मिळालंय, पुढे काय करायचं ते सांगा. मी घरी येऊन आत्यांना वाचून दाखवलं. त्या भाकरी थापत होत्या. परातीतला हात थांबला.

"मला पन ने तिकडं," त्या म्हणाल्या. "चिठ्ठीनं जमायचं न्हाई. मी सांगते, तू बडवत जा."

पुढच्या बाजाराला आत्या काकूंच्या दुकानात माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. पीठ किती घट्ट मळायचं, लसूण आणि मिरची किती वाटायची, शेंगोळी तळहातावर कशी वळायची, हे हवेत हात फिरवून दाखवत सांगायला लागल्या. मी टाइप करत होते आणि काकू चहा गार होऊ देत ऐकत होत्या. मी मध्ये एक पायरी गाळली तर आत्यांनी माझा हात धरला.

"पानी खळाखळा उकळल्याबिगर एक बी शेंगोळं सोडायचं न्हाई, हे लिवलंस का? न्हाईतर लगदा व्हतोय. लिव. पोरीला पहिल्याच खेपेला जमलं पायजे."

मी ते लिहिलं.

दोन आठवड्यांनी त्या मुलीचं उत्तर आलं. जमली होती. तिच्या नवऱ्याने दोनदा वाढून घेतली, आणि तिने स्वतः एक वाटी संध्याकाळसाठी झाकून ठेवली होती.